वाशिमच्या थंडीत गाय, म्हैस, बकरी तग कशी धरतात? धोका नेमका कधी वाढतो?

डिसेंबर उजाडला की मोबाइलवर दरवर्षी तशीच रील फिरायला लागते. कुठे गाईच्या अंगावर लोकरीची झूल, कुठे बकरीच्या पिलाला लहान मुलाचं जुनं स्वेटर, कुठे गोठ्याच्या दारात पेटवलेली शेकोटी. 2019 मध्ये अयोध्येच्या महापालिकेने गोशाळेतल्या गाईंसाठी तागाचे कोट शिवून घेण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या बातमीची देशभर चर्चा झाली होती. काहींना ते कौतुकाचं वाटलं, तर काहींनी खिल्ली उडवली.

पण प्रश्न साधा आहे. वाशिमसारख्या जिल्ह्यात, जिथे बर्फ कधी पडत नाही आणि दुपारी ऊन चटके देतं, तिथे जनावरांना खरंच थंडी बाधते का? बाधत असेल तर कोणाला, कधी आणि किती?

याचं थोडक्यात उत्तर असं: मोठ्या, धडधाकट, कोरड्या आणि पोटभर खाल्लेल्या जनावराला वाशिमची थंडी सहसा मारत नाही. धोका असतो तो नुकत्याच जन्मलेल्या पिलाला, भिजलेल्या अंगाला आणि उपाशी पोटाला. ते कसं, हे समजून घेऊ.

वाशिमची थंडी वेगळी कशी?

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणजे खाली पूर्णेच्या खोऱ्यात असलेल्या अकोल्यापेक्षा बरंच वर आहे.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असतं. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता थेट आकाशात सोडते. ती अडवायला ढग नसतात. त्यात उत्तरेकडून गार वारे सुरू झाले की पारा झपाट्याने उतरतो. परिणामी दुपारी 28-30 अंश आणि पहाटे 10-12 अंश, कधी त्याहूनही कमी, असा खेळ चालतो. एकाच दिवसात 15 अंशांपेक्षा जास्त फरक पडतो. जनावराच्या शरीराला हा चढउतार रोज सोसावा लागतो.

थंड हवा जड असते आणि ती पाण्यासारखी उताराकडे वाहते. म्हणून नदी-नाल्याकाठचं खोलगट शेत पहाटे उंचवट्यावरच्या शेतापेक्षा जास्त गारठतं. बकऱ्या किंवा मेंढ्या रात्री कुठे बसवायच्या, हे ठरवताना ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी मोठा फरक पडतो.

विदर्भातली थंडी किती खाली जाऊ शकते? नागपूरला 29 डिसेंबर 2018 रोजी किमान तापमान 3.5 अंशांवर आलं होतं. अशी रात्र क्वचितच येते, पण येते.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी कमी असलं, तर ती थंडीची लाट. पारा थेट 4 अंशांवर किंवा खाली आला तर सरासरी न बघताही लाट जाहीर होते.

जनावराचं शरीर थंडीशी कसं लढतं?

गाईच्या शरीराचं तापमान साधारण 38.5 अंश असतं. शेळी-मेंढीचं त्याहून थोडं जास्त, तर कोंबडीचं 41 अंशांच्या आसपास. बाहेर 10 अंश असो की 40, आतलं तापमान टिकवून ठेवावंच लागतं. त्यासाठी शरीराकडे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देणं आणि दुसरा म्हणजे जास्त उष्णता तयार करणं.

• केस: हिवाळ्यात जनावरांचे केस दाट होतात. याची खूण शरीराला मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून मिळते. दिवस लहान होऊ लागला की थंडी पडण्याआधीच केसांची तयारी सुरू होते.
• केस उभे राहणं: गारठ्यात केस ताठ होतात आणि त्यांच्यात हवा अडकते. ही अडकलेली हवाच खरं पांघरूण असतं. कोंबडी पिसं फुगवून बसते ती याचसाठी.
• रक्तवाहिन्या आकुंचन पावणं: कान, पाय, शेपूट इथलं रक्त कमी होतं आणि उष्णता पोटा-छातीकडे राखली जाते. म्हणून पहाटे गाईचे कान गार लागतात. नुसते कान गार असणं म्हणजे आजार नव्हे.
• एकमेकांना चिकटणं: मेंढ्या आणि कोंबडीची पिलं घोळक्याने बसतात. बाहेर उघडं पडणारं अंग त्यामुळे कमी होतं.
• थरथरणं: स्नायू हलले की उष्णता तयार होते. पण यात साठवलेली ताकद खर्च होते.
• उन्हात उभं राहणं: सकाळी ऊन आलं की गाय अंगाची लांब बाजू सूर्याकडे करून उभी राहते. शेतकऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातली ही गोष्ट म्हणजे फुकटची ऊब आहे.

पोटातली भट्टी

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्याकडे आणखी एक ठेवा असतो, तो म्हणजे त्यांचं मोठं पोट. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवत असतात. या कामात सतत उष्णता निर्माण होते. पोटाच्या या कप्प्याचं तापमान 39-40 अंशांच्या घरात असतं. थोडक्यात, जनावर आपली शेगडी पोटात घेऊनच फिरतं.

आता या शेगडीला इंधन कोणतं लागतं? चरबट, धाग्याचा चारा आंबवताना खाद्याच्या तुलनेत जास्त उष्णता बाहेर पडते. म्हणजे ज्वारीचा कडबा, गव्हाचा गव्हांडा, तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार. चारा खाल्ल्यानंतर काही तासांनी ही उष्णता सर्वाधिक असते. म्हणून थंडीच्या दिवसांत सुक्या चाऱ्याचा मोठा वाटा संध्याकाळी उशिरा टाकावा, असं सांगितलं जातं. रात्रभर शेगडी धगधगत राहते.

वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. काढणीनंतर सोयाबीनचं कुटार घरोघरी असतं. पण ते एकटं पुरेसं नाही, आणि पावसात भिजून बुरशी आलेलं कुटार तर देऊच नये. कुटार, कडबा आणि थोडा हिरवा चारा असं मिश्रण बरं. दुभत्या जनावराला सरकी ढेप आणि मिनरल मिक्श्चर लागतंच.

किती गारठा म्हणजे जास्त?

प्रत्येक जनावराची एक किमान तापमानाची रेषा असते. हवा त्या रेषेच्या वर असेपर्यंत शरीराला ऊब टिकवण्यासाठी वेगळी मेहनत करावी लागत नाही. रेषेच्या खाली गेलं की खाल्लेल्या अन्नातला काही भाग दूध किंवा वाढ याऐवजी फक्त अंग गरम ठेवण्यात जातो.

अमेरिकेतल्या गाईंसाठी वापरले जाणारे ढोबळ आकडे असे आहेत: हिवाळ्याचे दाट, कोरडे केस असतील तर ही रेषा शून्य अंशाजवळ. उन्हाळ्यासारखे पातळ केस असतील किंवा अंग भिजलेलं असेल, तर तीच रेषा थेट 15 अंशांवर.

आपल्या देशी गाईचे केस मुळातच आखूड आणि चकचकीत असतात. सैल कातडी आणि पातळ केस ही उन्हाळ्यासाठीची देणगी. त्यामुळे तिच्यासाठी 15 अंशांचा आकडा जवळचा मानायला हरकत नाही. ढोबळ हिशेब असा आहे की रेषेच्या खाली प्रत्येक अंश सेल्सिअसला ऊर्जेची गरज जवळपास 2 टक्क्यांनी वाढते. म्हणजे 10 अंशांच्या गारठ्यात राहणाऱ्या गाईला साधारण 9-10 टक्के जास्त खुराक हवा. अंग भिजलेलं असेल तर ही वाढ जवळपास दुप्पट होते.

वाशिममध्ये दुपारी ऊन मिळतं, त्यामुळे हा ताण चोवीस तास राहत नाही. पण चारा तेवढाच ठेवला आणि थंडी वाढली, तर फरक दुधाच्या मापात किंवा बैलाच्या फासळ्यांवर दिसतो.

सगळ्यांना सारखीच थंडी वाजते का?

नाही. आणि इथेच बरेच गैरसमज आहेत.

संकरित होल्स्टिन गाय: हिचं मूळ थंड युरोपातलं. साधारण 5 ते 20-25 अंशांत ती सर्वात आरामात असते. मे महिन्यात पारा 40 च्या वर गेला की धापा टाकणारी ही गाय डिसेंबरमध्ये खुलते. खाणं वाढतं, दूध सुधारतं. वाशिमच्या हिवाळ्यात निरोगी संकरित गाईला स्वेटर घालणं हे प्रेम असलं, तरी तिची ती गरज नाही.

म्हैस: विदर्भाची नागपुरी म्हैस, जिला एलिचपुरी किंवा वऱ्हाडी असंही म्हणतात, आणि शेजारच्या पूर्णा खोऱ्यातली भुरकट रंगाची पूर्णाथडी, या दोन्ही ओळखीच्या जाती. पूर्णाथडीला 2023 मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. म्हशीच्या अंगावर केस विरळ असतात. त्यामुळे तिला ऊन जसं सोसत नाही, तसा गार वाराही सोसत नाही. पण दिवस लहान होणं हे म्हशीच्या शरीरासाठी माजावर येण्याचं आवतण असतं. उन्हाळ्यात मुका राहणारा माज हिवाळ्यात जास्त स्पष्ट दिसतो. म्हणून याच दिवसांत सकाळ-संध्याकाळ नीट लक्ष ठेवलं, तर एक वेत वाया जाण्यापासून वाचू शकतं.

बकरी: विदर्भातली बेरारी असो की उस्मानाबादी, बकरीचे केस आखूड आणि अंगावर चरबी कमी. मेंढीच्या लोकरीत असते तशी तेलकट राखण तिच्याकडे नाही. पावसाचं तिला वावडं असतं ते उगाच नाही. भिजलेली बकरी फार लवकर गारठते.

कोंबडी: हिवाळ्यात अंडी कमी होतात, त्याला थंडीइतकाच अंधारही जबाबदार असतो. 21 डिसेंबरच्या आसपास वाशिममध्ये दिवस जेमतेम 11 तासांचा असतो. अंड्यावरच्या कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो. म्हणून पोल्ट्रीत पहाटे किंवा संध्याकाळी बल्ब लावून तूट भरून काढतात.

पिलांना धोका सर्वात जास्त का?

गरम पाण्याचा हंडा आणि गरम पाण्याचा पेला एकाच वेळी बाहेर ठेवला, तर पेला आधी गार होतो. वजनाच्या मानाने त्याचं उघडं अंग जास्त असतं. वासरू, पारडू आणि करडू यांचं तसंच आहे.

त्यात नवजात पिलू जन्मतःच ओलं असतं. त्याच्या पोटातली रवंथाची भट्टी अजून सुरू झालेली नसते. जन्मतः मिळालेली थोडीशी खास चरबी काही तास ऊब देते आणि संपते. त्यानंतर इंधन एकच, चीक.

चीक फक्त ऊब देत नाही. गाय, म्हैस आणि शेळीच्या पिलाला आईच्या पोटात रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती पहिल्या चिकातूनच मिळते, आणि ती शोषून घेण्याची पिलाच्या आतड्याची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटत जाते. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही समजूत अजून अनेक ठिकाणी आहे. थंडीच्या रात्री ती पिलाच्या जिवावर बेतू शकते.

मग काय करायचं?

• जन्मल्याबरोबर गोणपाटाने किंवा सुती कापडाने पिलू खसखसून कोरडं करावं. आईला चाटू द्यावं.
• नाळेला टिंक्चर आयोडीन लावावं.
• पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा. पहिल्या दिवसाचं प्रमाण वजनाच्या साधारण दहावा भाग. म्हणजे 25 किलोच्या वासराला अडीच लिटर, पण दोन-तीन वेळा विभागून.
• खाली सुक्या कुटाराचा किंवा गव्हांड्याचा जाड थर द्यावा. उघडी फरशी अंगातली उष्णता शोषते.
• करडांना उलट्या टोपल्याखाली किंवा खोक्यात ठेवायचं असेल, तर हवा येईल इतकी फट राहू द्यावी.

पिलू गळून पडलं असेल, तोंड आतून गार लागत असेल, दूध ओढत नसेल तर गुदद्वारातून तापमान घ्यावं. वासराचं तापमान 37.8 अंश सेल्सिअस, म्हणजे 100 अंश फॅरेनहाइटच्या खाली असेल, तर ते गारठलेलं आहे. अशा वेळी बळजबरीने दूध ओतू नये, ते फुप्फुसात जातं. आधी अंग कोरडं करून कोमट करावं आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवावं. आणखी एक खूण महत्त्वाची आहे. थरथरणारं पिलू अचानक शांत झालं, तर ते बरं झालं असं समजू नये. अंगातली ताकद संपली की थरथरणंही थांबतं.

डिसेंबर 2021 मध्ये काय घडलं होतं?

थंडीने जनावरं कशी मरतात, याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण 1 आणि 2 डिसेंबर 2021 चं आहे. त्या दोन दिवसांत पुणे, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि नाशिक जिल्ह्यांत अवकाळी पाऊस झाला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या पट्ट्यात उघड्या रानात वाडे टाकून बसलेल्या मेंढपाळांच्या शेकडो मेंढ्या आणि बकऱ्या दगावल्या.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या रात्री पारा शून्याच्या जवळपासही नव्हता. मग मेंढ्या मेल्या कशाने?

आधी अंग भिजलं. केसांत आणि लोकरीत अडकलेल्या हवेची जागा पाण्याने घेतली आणि पांघरूणच गेलं. मग वारा सुटला. ओल्या अंगावरून वारा गेला की पाणी उडतं आणि सोबत उष्णता घेऊन जातं. आणि पावसामुळे चरायला जाता आलं नाही, त्यामुळे पोटातली शेगडी विझत गेली. ओल, वारा आणि रिकामं पोट, ही तिन्ही एकत्र आली. यातली दोन असती तर कदाचित बरीच जनावरं वाचली असती.

वाशिमसाठी हा धडा थेट लागू होतो. विदर्भात हिवाळ्याच्या मध्यात किंवा शेवटी अवकाळी पाऊस आणि गारपीट नवी नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या गारपिटीने विदर्भ-मराठवाड्याला झोडपून काढलं होतं. विदर्भात कळप घेऊन फिरणारे काठेवाडी आणि धनगर रात्री शेतातच मुक्काम करतात. खतासाठी शेतकरी त्यांना आवर्जून बसवतात. पण अवकाळीचा इशारा आला, तर त्या कळपाला एखादा रिकामा शेडनेट, गोदामाची पडवी किंवा निदान ताडपत्री मिळेल का, याचा विचार गावाने करायला हवा. मेंढपाळाची सगळी पुंजी त्या एका रात्री उघड्यावर असते.

गोठा बंद करायचा की उघडा ठेवायचा?

थंडी वाढली की अनेक जण गोठा, किंवा वऱ्हाडात म्हणतात तसा कोठा, चारही बाजूंनी पोत्यांनी गच्च बंद करतात. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो.

बंद जागेत मूत्र आणि शेणातून अमोनिया साठतो. जनावरांच्या श्वासातली वाफ छताला लागून पुन्हा अंगावर टपकते. ओल वाढते, फुप्फुसं चुरचुरतात आणि न्यूमोनियाला वाट मिळते. यासाठी सोपी चाचणी आहे. पहाटे गोठ्यात शिरून वासराच्या उंचीवर खाली बसा. डोळे चुरचुरले किंवा नाकात झोंबलं, तर गोठा जास्त बंद आहे.

• उत्तरेकडची बाजू तट्ट्या, तुराट्या किंवा बारदान्याने अडवावी. गार वारा बहुतेक तिकडूनच येतो.
• दक्षिण बाजू दिवसा मोकळी ठेवावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन आत शिरतं.
• आडोसा जनावराच्या उंचीपर्यंत असावा. छताखालची फट मोकळी राहू द्यावी, म्हणजे वाफ आणि अमोनिया बाहेर जातो.
• संध्याकाळी ओलं शेण काढून कोरडा थर टाकावा.
• कोंबडीच्या शेडमध्ये पडदे वरून खाली सोडता येतील असे असावेत. खालची तूस ओली झाली की लगेच बदलावी.

आणि शेकोटी? गोठ्याच्या आत नकोच. कोंडलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि शेजारी कुटाराची गंजी असेल, तर एक ठिणगी पुरेशी असते. दावणीला बांधलेलं जनावर आगीपासून पळू शकत नाही. शेकोटी करायचीच असेल तर बाहेर, वाऱ्याची दिशा पाहून करावी आणि झोपण्यापूर्वी विझवावी.

पाणी: हिवाळ्यातला न दिसणारा घोटाळा

थंडीत जनावर पाणी कमी पितं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दुधात जवळपास 87 टक्के पाणी असतं. गार पाणी पाहून गाय तोंड फिरवते, मग चारा कमी खाते आणि दूध उतरतं. सुका चारा जास्त आणि पाणी कमी असेल तर पोट गच्च होण्याचाही धोका असतो.

उपाय घरातच आहे. रात्रभर उघड्या टाक्यात राहिलेलं पाणी पहाटे बर्फगार असतं. पण विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी कोमट लागतं, कारण जमिनीच्या आत खोलवर वर्षभर तापमान फारसं बदलत नाही. डिसेंबरच्या पहाटे विहिरीतून वाफ निघताना दिसते ती म्हणूनच. टाक्यातलं शिळं पाणी सोडून ताजं भरलं आणि ऊन आल्यावर पाजलं, तर वेगळं तापवायची गरज पडत नाही.

या चुका टाळा

तेल-गूळ बळजबरीने पाजणं: बांबूच्या नळीने किंवा बाटलीने मान वर करून तेल पाजलं आणि ते श्वासनलिकेत गेलं, तर न्यूमोनिया होतो. त्यावर इलाज कठीण असतो. गूळ द्यायचा तर खाद्यात मिसळून द्यावा.

दवात चारणं: हरभरा, बरसीम, मेथीघास असा कोवळा, दवाने भिजलेला द्विदल चारा रिकाम्या पोटी भरपूर खाल्ला की पोटफुगी होते. डावी कूस फुगलेली दिसते. आधी थोडा सुका चारा द्यावा आणि दव उडाल्यावरच जनावरं सोडावीत.

ओली आचळं: दूध काढल्यावर आचळं ओलीच राहिली तर गार वाऱ्याने भेगा पडतात. मग गाय दूध काढू देत नाही आणि भेगांतून स्तनदाह शिरतो. आचळं पुसून कोरडी करावीत, भेगा असतील तर ग्लिसरीनसारखं मऊ मलम लावावं.

झूल रात्रंदिवस ठेवणं: म्हातारं, आजारी, हडकुळं जनावर आणि लहान वासरू यांना रात्री गोणपाटाची झूल जरूर द्यावी. पण दिवसा ती काढून उन्हात वाळवावी. दवाने ओली झालेली झूल अंगावर ठेवणं हे झूल नसण्यापेक्षा वाईट.

थंडीत धुणं: धुवायचंच असेल तर भर दुपारी, आणि लगेच उन्हात. नाहीतर खरारा पुरेसा आहे. दाट केसांत हिवाळ्यात उवा वाढतात, त्याही खरारा करताना लक्षात येतात.

लस आणि आजार

गोठ्यात जनावरं जवळजवळ बांधलेली, हवा कोंडलेली आणि अंगावर ताण, अशा वेळी संसर्ग लवकर पसरतो. लाळ्या-खुरकूताचा विषाणू थंड, दमट हवेत जास्त काळ टिकतो. या रोगाविरुद्ध 2019 पासून देशव्यापी मोफत लसीकरण मोहीम सुरू आहे आणि लस दर सहा महिन्यांनी दिली जाते. शेळ्या-मेंढ्यांसाठी पीपीआर आणि आंत्रविषाराची लस महत्त्वाची. आपल्या जनावराला शेवटची लस कधी दिली, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात कानातल्या 12 अंकी बिल्ल्याच्या नंबरवरून तपासून घेता येतं.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. रिसोड तालुक्यातल्या करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तर अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. हवामान खात्याचा कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. किमान तापमानासोबत पावसाचा आणि वाऱ्याचा अंदाजही त्यात पाहावा, कारण जनावरासाठी धोका या तिन्हींच्या जुळणीत असतो.

थंडीने जनावर दगावलं तर मदत मिळते का?

काही परिस्थितीत मिळते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत गारपीट तसंच दवतुषार व थंडीची लाट या आपत्तींचा समावेश आहे. महाराष्ट्रात अवकाळी पाऊसही राज्याने आपत्ती म्हणून मान्य केला आहे. 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांनुसार मदतीचे दर असे आहेत:

• दुभती गाय किंवा म्हैस: 37,500 रुपये
• बैल: 32,000 रुपये
• वासरू: 20,000 रुपये
• शेळी किंवा मेंढी: 4,000 रुपये
• कोंबडी: 100 रुपये

या निकषांत एका कुटुंबाला किती जनावरांसाठी मदत मिळेल, याची मर्यादाही आहे. वेळोवेळी निघणाऱ्या शासन निर्णयांत ती बदलते, म्हणून तलाठी किंवा तहसील कार्यालयात सध्याचा नियम विचारून घ्यावा.

पण गोठ्यात सर्दी-न्यूमोनियाने मेलेलं प्रत्येक जनावर यात बसत नाही. मृत्यू नैसर्गिक आपत्तीमुळे झाला, हे कागदावर यावं लागतं. त्यामुळे घाईने पुरू नये. तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना तातडीने कळवावं, कानातल्या बिल्ल्यासह फोटो काढावेत, पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्यावं. विमा असेल तर बिल्ल्याशिवाय दावा अडकतो, हेही विसरू नये.

मेंढीमागे 4,000 रुपये हा आकडा बाजारभावापुढे तोकडा आहे. दुभती म्हैस गेली तर 37,500 रुपयांत तशी दुसरी मिळणं अवघड. म्हणजे मदत मिळाली तरी नुकसान भरून निघत नाही. त्यापेक्षा एक कोरडं गोणपाट, उत्तरेकडचा आडोसा आणि संध्याकाळची कडब्याची पेंढी कितीतरी स्वस्त पडते.

तर, गाईला स्वेटर घालायचं का?

गाय तरुण, धडधाकट, कोरडी आणि पोटभर खाल्लेली असेल तर गरज नाही. वासरू चार दिवसांचं असेल, बैल म्हातारा असेल किंवा बकरी आजारातून उठलेली असेल, तर जरूर घाला. फक्त ते कोरडं आहे ना, हे रोज सकाळी हात लावून बघा.